मला तर कुणी विचारलंच नाही!

संध्याकाळी दादरहून डोंबिवलीला परतताना महिलांच्या डब्यात एक मावशी बऱ्याचदा माझ्यासमोर असतात. दादरच्या मंडईतून घेतलेली मेथीची जुडी मांडीवरच्या कागदावर सोडतात आणि निवडायला लागतात. मुंब्र्याचा बोगदा येईपर्यंत भाजी पिशवीत आणि देठं कागदाच्या पुडीत. गेल्या आठवड्यात शेजारच्या मुलीनं मोबाइलवरची बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. कुठल्याशा सर्वेक्षणाची होती, शहरातल्या बायका महिन्याला किती पैसे मागे टाकतात त्याबद्दल. मावशींचा हात थांबला. "हे सर्व्हे करतात तरी कुठे गं? छप्पन्न वर्षांची झाले, मला तर कुणी विचारलंच नाही." आजूबाजूच्या चार बायकांनी माना डोलावल्या.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. हा प्रश्न मी विद्यार्थ्यांकडून, त्यांच्या पालकांकडून आणि निवडणुकीच्या दिवसांत तर नाक्यावरच्या प्रत्येक माणसाकडून ऐकलेला आहे. प्रश्न अगदी रास्त आहे. माझ्याशी कुणी बोललं नाही, माझ्या शेजाऱ्याशी बोललं नाही, मग माझ्याबद्दलचा आकडा आला कुठून? गाडीत मी अर्धंमुर्धं उत्तर दिलं, तेवढ्यात ठाणं आलं आणि लोंढा आत शिरला. उरलेलं इथं लिहिते.

शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे बघायला आपण पातेलंभर भात खात नाही. एक शीत चिमटीत दाबून बघतो. पॅथॉलॉजीवाला अंगातलं सगळं रक्त काढून घेत नाही, एक छोटी बाटली नेतो. संख्याशास्त्राचा निम्मा संसार या एका कल्पनेवर उभा आहे: थोडं बघून सगळ्याबद्दल बोलायचं.

ज्याच्याबद्दल बोलायचं ते सगळं, म्हणजे पातेलंभर भात, त्याला 'समष्टी' म्हणतात. जे हातात घेऊन बघितलं ते शीत म्हणजे 'नमुना'. पुढच्या लेखाला हे दोन शब्द पुरतील.

पण आपल्या आयांना ठाऊक असलेली एक गोष्ट म्हणीत आलेली नाही. शीत कुठून उचललं याला फार महत्त्व आहे. लग्नाच्या पंगतीचा आचारी मोठ्या पातेल्यात झारा खालपर्यंत घालून मधला भात वर काढतो आणि मग दाबून बघतो. वरवरचं शीत कच्चं असेल, तळाचं लागलेलं असेल. आमटी तर आधी ढवळावीच लागते, नाहीतर मीठ तळाशी आणि चव पाण्याची. सर्वेक्षणात हे ढवळणं म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. कुणाला विचारायचं हे विचारणाऱ्याच्या मर्जीवर सोडायचं नाही. यादी घ्यायची आणि कुणाचं नाव येईल ते दैवावर सोपवायचं. यालाच यादृच्छिक निवड म्हणतात.

चिठ्ठ्या प्रामाणिकपणे टाकल्या तर एक विलक्षण गोष्ट घडते. हजार माणसांना 'हो की नाही' असा प्रश्न विचारला, तर मिळालेली टक्केवारी खऱ्या टक्केवारीपासून साधारण ३ टक्क्यांपलीकडे सहसा भरकटत नाही. 'सहसा' म्हणजे शंभर वेळा असा नमुना घेतला तर पंच्याण्णव वेळा. आणि समष्टी डोंबिवलीएवढी असो की देशाएवढी, हा ३ टक्क्यांचा हिशेब जवळपास तोच राहतो! वर्गात हे सांगितलं की दरवर्षी कुणीतरी हात वर करतंच. मी विचारते, चार माणसांच्या आमटीची चव बघायला एक चमचा लागतो, मग चारशे माणसांच्या आमटीला शंभर चमचे लागतात का? नीट ढवळलेली असेल तर चमचा तेवढाच.

मात्र चूक निम्मी करायची असेल, ३ टक्क्यांची दीड टक्क्यावर आणायची असेल, तर हजाराची चार हजार माणसं करावी लागतात. दुप्पट अचूकतेला चौपट खर्च. म्हणून सर्वेक्षणं बहुधा काही हजारांवर थांबतात. राज्यांचे आणि जिल्ह्यांचे आकडे वेगवेगळे हवे असतील तरच नमुना फुगतो. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ पासून. देशाचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिथून चालतं. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांहून जास्त घरांत माणसं पाठवली गेली, कारण प्रत्येक जिल्ह्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं.

साताऱ्याचा माणूस आणि शेताची कड

ढवळण्यात थोडी कसर राहिली तर काय होतं, याची मला सर्वात आवडणारी गोष्ट शेतातली आहे.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा. लंडनमध्ये संख्याशास्त्र शिकून आले आणि शेतीच्या आकड्यांच्या मागे लागले. देशात धान्य किती पिकलं हे तेव्हा बऱ्याच अंशी नजर अंदाजानं ठरायचं. सुखात्म्यांचा मार्ग सरळ होता. चिठ्ठ्या टाकून गावं निवडा, गावातून शेतं निवडा, शेतात एक ठरावीक मापाचा तुकडा आखा, तेवढं पीक कापा, मळा आणि वजन करा. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. गावाकडे जमीन असेल तर हा शब्द तुमच्या कानावरून गेला असेल, कारण पीक विम्याच्या भरपाईचं गणितही याच कापणीवर बेतलेलं होतं.

आता वाद असा, की तुकडा केवढा घ्यायचा? कोलकात्यात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे होते. छोटा तुकडा लवकर कापून होतो, त्याच पैशात जास्त शेतं होतात. सुखात्म्यांनी तपासून दाखवलं, की तुकडा फार छोटा असला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त निघतं.

का निघत असेल? दोरी लावून तुकडा आखला की पिकाची काही ताटं, म्हणजे धाटं, नेमकी दोरीवर येतात. अर्धी आत, अर्धी बाहेर. कापणारा माणूस वाकतो, भरलेलं कणीस बघतो आणि त्याचा हात ते ताट आत ओढतो. त्याच्या मनात लबाडी नसते, पण पिकलेलं कणीस सोडवत नाही. मोठ्या तुकड्यात अशी कडेची ताटं एकूण पिकाच्या मानानं थोडी असतात, छोट्या तुकड्यात फार. हा हाताचा कल लाखो एकरांनी गुणला जातो आणि कागदावर देशाचं धान्य वाढतं, कोठारात वाढत नाही.

मी ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सांगते, कारण या विषयाचा स्वभाव तिच्यात आहे. आकडा नेहमी कुणाच्या तरी हातातून येतो आणि त्या हाताचा कल कुठे आहे हे शोधणं आमचं काम.

नमुना मोठा असला की झालं?

नाही. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना कार्डं पाठवली, वीस लाखांहून जास्त परत आली. एवढा प्रचंड नमुना! निष्कर्ष निघाला की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट साठ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन आले. साप्ताहिकानं पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. मंदीच्या काळात ज्यांच्या घरी फोन आणि दारात गाडी, अशांची ती यादी. शिवाय कार्ड परत पाठवायची तसदी कोण घेतो? ज्याला राग आहे तो. न ढवळलेल्या आमटीचे वीस लाख चमचे प्यायले तरी तळाचं मीठ कळत नाही.

आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला साडेतीनशेच्या पुढे जागा दिल्या होत्या. आल्या २९३. इथं आणखी एक गुंता असतो. विचारतात मत, सांगायच्या असतात जागा. चुरशीच्या मतदारसंघांत दोन टक्के मतं इकडची तिकडे झाली की जागांचा डोंगर कोसळतो. त्यात मतदान केंद्राबाहेर अनोळखी माणसाला खरं उत्तर देण्याची भीड किंवा भीती. मतांचा अंदाज ३ टक्क्यांच्या आत बरोबर येऊनही जागांचा अंदाज सपशेल आपटू शकतो. म्हणून एक्झिट पोल देणाऱ्यानं जागांचा एकच आकडा छातीठोकपणे सांगितला की मी चॅनल बदलते.

मुंबईत या ढवळण्याची एक खास अडचण आहे. एकदा विद्यार्थ्यांना प्रकल्प दिला होता, दोन-तीन वॉर्डांत घरोघर जाऊन प्रवासाला लागणारा वेळ विचारायचा. चाळींतून आणि बैठ्या वस्त्यांतून भराभर उत्तरं आली. दारं उघडी, वर चहा. टॉवरमध्ये मात्र वॉचमननं गेटवरच अडवलं, इंटरकॉमवरून 'नको म्हणा' आलं. मुलांनी रिकाम्या जागा शेजारच्या चाळीतून भरून आणल्या. मी त्यांना सगळे फॉर्म पुन्हा बघायला लावले. ज्यांनी दार उघडलं नाही ते ज्यांनी उघडलं त्यांच्यासारखेच असतील, हे कुणी ठरवलं? त्या मुलांनी त्या सत्रात शिकलेला सर्वात मोठा धडा कुठल्याही सूत्राचा नव्हता, तो गेटवरचा होता.

मग सरळ सगळ्यांनाच का विचारू नये?

विचारतात ना. त्यालाच जनगणना म्हणतात. देशभर एकाच वेळी झालेली पहिली १८८१ ची, शेवटची २०११ ची. त्या वेळी बृहन्मुंबईत १ कोटी २४ लाख माणसं मोजली गेली. २०२१ ची राहिली. आता पुढच्या जनगणनेसाठी २८ फेब्रुवारी संपून १ मार्च २०२७ लागतो तो मध्यरात्रीचा क्षण धरलेला आहे, बर्फाळ प्रदेश तेवढे वगळून.

जनगणना लागतेच, कारण चिठ्ठ्या टाकायला यादी हवी आणि ती यादी तिथूनच येते. २०११ ते २०२७ मधल्या वर्षांत लालबाग-परळकडे किंवा विरार-बदलापूरकडे ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. गिरणगावातल्या चाळींच्या जागी चाळीस मजले आले आणि चाळीतली माणसं गाडीच्या शेवटच्या स्टेशनांकडे गेली. जुन्या यादीवर टाकलेल्या चिठ्ठ्या हळूहळू जुन्या मुंबईच्या होत जातात. जनगणना लांबली की तिच्यावर टेकलेली बाकीची सर्वेक्षणंही कलू लागतात, आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते.

पण सगळ्यांना मोजलं म्हणजे चूक संपली असं नाही. जनगणना झाल्यावर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या भागांत पुन्हा माणसं जातात आणि कोण सुटलं ते बघतात. २०११ ला या फेरतपासणीत दर हजारी २३ माणसं मोजायची राहून गेली असा अंदाज निघाला. देशातली सर्वात मोठी मोजणी बरोबर झाली का, हेही शेवटी शितावरूनच कळतं.

सरासरी नेमकी कुणाची?

२६ जुलै २००५. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्ही वेधशाळांमध्ये पंचवीस किलोमीटरही अंतर नाही. सरासरी काढा, ५०८ येते. गणित बरोबर आहे, पण कलिन्यात छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला ती ५०८ काही सांगत नाही आणि फोर्टमध्ये ऑफिसातून 'आज गाड्या का बंद आहेत' म्हणणाऱ्यालाही नाही.

सरासरी हा एका वाक्यातला सारांश आहे आणि सारांशात गोष्ट हरवते. कमाईच्या बाबतीत तर फारच. चाळीच्या एका मजल्यावर दहा बिऱ्हाडं आहेत समजा. नऊ घरांत महिना ३० हजार येतात, दहाव्या घरात ६ लाख. सरासरी निघते ८७ हजार, जी दहापैकी एकाही घरात येत नाही. अशा वेळी आम्ही सगळ्यांना कमाईच्या क्रमानं रांगेत उभं करतो आणि मधल्याची कमाई विचारतो. हा 'मध्यक', दहावीच्या पुस्तकातला. इथं तो ३० हजार. घरांच्या किमती, पगार, क्लासची फी असं काहीही सांगताना कुणी सरासरी सांगितली की मध्यक किती ते विचारावं.

आणि आता गाडीची गोष्ट, कारण ती मला आयुष्यात सर्वात जास्त वेळा उभ्यानं आठवली आहे. समजा दोन गाड्या आहेत. एकीत ५,००० माणसं कोंबलेली, दुसरीत ५००. गाड्या चालवणारा म्हणेल, दर गाडीला सरासरी २,७५० प्रवासी, त्यात काय मोठंसं. प्रवासी म्हणेल, काहीतरीच काय, मी रोज पाच हजारांत चेंगरतो! दोघंही खरं बोलताहेत. एकूण ५,५०० प्रवाशांपैकी ५,००० जण, म्हणजे शंभरातले ९१, गर्दीच्या गाडीत आहेत. प्रवाशांना विचारत गेलात तर गाडीत सरासरी जवळपास ४,५९० माणसं असतात. रिकामी गाडी रिकामीच असते, तिच्याबद्दल सांगायला तिच्यात माणसं नसतात. एक सरासरी गाड्यांवरून काढली, दुसरी माणसांवरून. वर्गातल्या मुलांची संख्या, दवाखान्यातली रांग, बसस्टॉपवरची वाट, सगळीकडे ही तफावत असते. कारभार करणाऱ्याला ती दिसत नाही आणि सोसणाऱ्याला तीच दिसते. कुणाला विचारून सरासरी काढली, हा म्हणूनच बारकावा नसून मुख्य प्रश्न आहे.

पसारा

सरासरी सारखी असूनही दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. घरून परीक्षा केंद्रावर जायला दोन रस्ते आहेत. दोन्हीकडून सरासरी पन्नास मिनिटं. गाडीनं गेलं तर सत्तेचाळीस ते त्रेपन्न. बसनं गेलं तर कधी तीस, कधी नव्वद. बोर्डाच्या पेपरला मुलाला कुठून पाठवाल? सरासरीनं उत्तर मिळत नाही, पसाऱ्यानं मिळतं. हा पसारा मोजण्याच्या मापाला 'प्रमाण विचलन' म्हणतात; ढोबळमानानं, एकेक आकडा सरासरीपासून साधारण किती लांब पडतो ते.

माझं मत विचाराल तर हा संपूर्ण विषय पसाऱ्याचा आहे. सगळी माणसं, सगळी शेतं, सगळे दिवस सारखे असते तर एक बघून सगळं कळलं असतं आणि आमची गरजच पडली नसती.

भायखळ्याचा तुरुंग आणि व्हिनेगरची तपासणी

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकीन यांनी इथंच लस तयार केली, जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार असलेल्या कैद्यांना लस दिली, उरलेल्यांना नाही. लस घेतलेल्यांत आजारही कमी झाला आणि मृत्यूही. परळची हाफकीन संस्था त्यांच्याच नावाची.

हाफकीन यांचं धाडस मोठं होतं आणि तुलना करण्याची दृष्टीही. तरी संख्याशास्त्राचा विद्यार्थी एक शंका काढेल. लस कुणी घेतली? जे स्वतःहून पुढे आले. ते कदाचित अधिक तरुण असतील, अधिक काळजी घेणारे असतील. मग ते वाचले लसीमुळे की स्वभावामुळे?

या शंकेचं उत्तर मुंबईतच शंभर वर्षांनी दिसतं. १९९८ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयानं झोपडपट्ट्यांतल्या महिलांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या एका साध्या तपासणीचा अभ्यास सुरू केला. सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखाच द्राव लावायचा आणि एखादा भाग पांढरा पडतो का ते बघायचं. प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सेविकाही हे करू शकतात. वस्त्यांचे २० गट केले. कुठल्या १० गटांत तपासणी करायची हे कुणाच्या इच्छेवर किंवा ओळखीवर ठेवलं नाही, दैवावर सोडलं. दोन्हीकडे मिळून सुमारे दीड लाख महिला. दर दोन वर्षांनी तपासणी, बारा वर्षांचा हिशेब.

ही नाणेफेक कशासाठी? वय, पैसा, शिक्षण, सासूचा धाक, घराजवळ दवाखाना असणं-नसणं, आपल्याला सुचतात त्या आणि न सुचतात त्याही सगळ्या गोष्टी नाणेफेकीमुळे दोन्ही बाजूंना साधारण सारख्या वाटल्या जातात. मग शेवटी जो फरक उरतो तो तपासणीचा, असं म्हणता येतं.

तपासणी झालेल्या बाजूला या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. संशोधकांनी त्याच्याच जोडीला पसाराही सांगितला: खरी घट १२ टक्के ते ४६ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. वर्तमानपत्रात ३१ छापून आलं, १२ ते ४६ क्वचितच. मला ते दोन आकडे जास्त मोलाचे वाटतात. वाईटात वाईट धरलं तरी घट आहेच, हे त्यांच्यामुळे कळतं.

इथं एक आक्षेप हमखास येतो: दुसऱ्या १० गटांतल्या बायकांनी काय पाप केलं होतं? त्यांना आजाराची माहिती दिली गेली, तपासणी मिळाली नाही. या अभ्यासावर त्यावरून टीकाही झाली. आक्षेप खरा आहे आणि संख्याशास्त्राकडे त्याचं उत्तर नाही. तुलना कशी करावी हे आम्ही सांगू शकतो. ती कुणाच्या जिवावर करावी, हे ठरवायला वेगळी माणसं लागतात, आणि वस्तीतली बाई त्यांच्यात असावी असं मला वाटतं.

नाणेफेक नसेल तर दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी, असं म्हणता येत नाही. मुंबईत छत्र्या जास्त खपतात त्याच महिन्यांत लेप्टो नावाच्या तापाचे रुग्णही वाढतात. छत्रीनं लेप्टो होत नाही. दोघांच्या मागे पाऊस उभा आहे. इथं पाऊस सर्वांना दिसतो म्हणून कुणी फसत नाही. अमुक खाल्लं की तमुक बरं होतं, या रोजच्या बातम्यांत मागचा पाऊस शोधावा लागतो.

"पण आकड्यांनी काहीही सिद्ध करता येतं ना?"

हे वाक्य मी लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत ऐकलंय. त्यावर मी मे-जूनमधली होर्डिंगं दाखवते. स्टेशनबाहेर क्लासची मोठी पाटी लागते, त्यावर पन्नास हसरे चेहरे आणि प्रत्येकाखाली नव्वदच्या पुढचे टक्के. सगळे आकडे खरे. पण बसले किती होते? पन्नासांत पन्नास की तीन हजारांत पन्नास? पाटीवर अंश मोठ्या अक्षरांत आणि छेद कुठेच नाही. 'शंभर टक्के निकाल' म्हणणाऱ्यांकडे कच्च्या मुलांना फॉर्मच भरू दिला नव्हता का, तेही बघावं लागतं; तिथं छेदच छाटलेला असतो.

म्हणजे आकड्यांनी फसवता येतं, हे अगदी मान्य. पण फसवणूक पकडायलाही छेद विचारावाच लागतो आणि तो विचारायला शिकवणारा विषय हाच आहे. ज्याला अंशाखालची रिकामी जागा दिसते त्याला पाटी लावून गंडवणं अवघड जातं. चौथी-पाचवीतलं अपूर्णांकांचं गणित तेवढ्याला पुरतं.

हे शिकायचं म्हणजे काय शिकायचं?

बारावीनंतर पालक विचारतात, गणितच ना हे? गणित लागतं, पण विचार वेगळा. गणितात दिलेल्यावरून निघणारं पक्कं असतं. इथं हाती थोडं असतं, त्यावरून बाकीच्याचा अंदाज करायचा आणि तो किती चुकू शकतो तेही सांगायचं. सुरुवात होते संभाव्यतेपासून, म्हणजे नाणं, फासे, पत्ते. मग नमुना कसा घ्यायचा, प्रयोग कसा रचायचा, दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा हे कसं ठरवायचं. त्यानंतर संगणक आणि खरी, गचाळ, अर्धवट भरलेली माहिती. माझ्या मते खरं शिक्षण त्या गचाळ माहितीपासून सुरू होतं.

भारतात या विषयाचं मोठं घराणं आहे. महालनोबीसांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, २००७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. सी. आर. राव यांनी पंचविशीच्या आत १९४५ साली मांडलेली सूत्रं आजही जगभरच्या अभ्यासक्रमात आहेत. पुणे विद्यापीठाचा विभाग कोल्हापूरच्या वसंतराव हुजूरबाजारांनी उभा केला. मुंबईत कलिन्याला विद्यापीठाचा विभाग आहे, देवनारची संस्था आहेच.

नोकऱ्यांचं विचाराल तर मुंबई या विषयाचं माहेर आहे. रिझर्व्ह बँक, सेबी, शेअर बाजार, विमा कंपन्या, औषध कंपन्या, सगळ्यांना ही माणसं लागतात. विम्याचा हप्ता किती हे ठरवणारा विमागणितज्ज्ञ मुळात संभाव्यतेचाच माणूस. 'एआय आल्यावर तुमचं काय?' असंही हल्ली विचारतात. ती यंत्रंही नमुन्यावरच शिकतात. त्यांना दिलेली आमटी ढवळलेली होती का, हा प्रश्न तिथंही सुटत नाही.

परवा गाडीत मावशी पुन्हा भेटल्या. मी त्यांना हिशेब सांगितला: त्या आरोग्य सर्वेक्षणात सहा लाख छत्तीस हजार घरं, आणि २०११ च्या मोजणीत देशात सुमारे पंचवीस कोटी कुटुंबं. म्हणजे ढोबळमानानं चारशे घरांत एक. "तुमची चिठ्ठी निघाली नाही, एवढंच. पण जनगणनेला मात्र तुमच्याकडे माणूस येणारच."

मावशींनी मेथीची जुडी सोडली. "येऊ दे की. फक्त आठनंतर ये म्हणावं. त्याच्या आधी आमच्याकडे कुलूप असतं."